घरातल्या जुन्या इंग्रजी दुनळीचा मेकर आणि पहिला मालक कसा शोधायचा?

प्रश्न साताऱ्याहून आलाय, थोडक्यात असा. घरात पणजोबांच्या वेळची बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचा आकडा) दुनळी आहे, बाहेर घोडे असलेली, लायसन्स पिढ्यान्‌पिढ्या घरातच ट्रान्सफर होत आलंय. दोन नळ्यांच्या मधल्या रिबवर इंग्रजीत ‘आर्मी अँड नेव्ही सी.एस.एल.’ असं कोरलंय. नळ्यांच्या खाली एका बाजूला 13 आकडा आहे, त्यामुळे गावातले एक जाणकार म्हणाले की ही तेरा बोअरची आहे, बारा बोअरची नाहीच. तिथेच दोन काठ्या आडव्यातिडव्या आणि वर काहीतरी फुलासारखं असा शिक्का आहे, फोटोही पाठवलेत. दस्त्याखाली चांदीची छोटी अंडाकृती पट्टी आहे, त्यावरची अक्षरं झिजलीत. घरात सांगतात की एका कलेक्टरसाहेबांनी विलायतेला परत जाताना पणजोबांना भेट दिली. तर ही बनवली कोणी, आणि पहिल्यांदा घेतली कोणी?

मी इथे बर्मिंगहॅमजवळ बरीच वर्षं जुन्या ब्रिटिश शॉटगन्सचंच काम करतोय, दुरुस्ती कमी आणि ओळख पटवणं जास्त, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कारण अशा बंदुका महाराष्ट्रात अजून बऱ्याच घरांत आहेत आणि लोक पहिल्याच पायरीवर चुकीच्या दिशेने जातात.

पहिली गोष्ट, रिबवरचं नाव म्हणजे मेकर हे डोक्यातून काढून टाका. ते विकणाऱ्याचं नाव असतं. कधी विकणारा आणि बनवणारा एकच असतो, लंडनच्या मोठ्या घराण्यांत, पर्डी, बॉस, हॉलंड वगैरे, आणि त्यातही आतली बरीच कामं बाहेरच्या कारागिरांकडून करून घेतलेली असायची. पण इंग्लंडच्या लहान गावांतल्या दुकानांची, आणि कलकत्त्याच्या रॉड्डा, मॅन्टन, लायन अँड लायन किंवा मद्रासच्या पी. ऑर अशा नावांची बंदूक असेल तर ती बहुतेक वेळा बर्मिंगहॅमहून बनून आलेली असते आणि दुकानदाराने फक्त आपलं नाव कोरून घेतलेलं असतं. त्यात फसवणूक काही नव्हती, धंदाच तसा चालायचा. बर्मिंगहॅमच्या गन क्वार्टरमध्ये, म्हणजे सेंट मेरीज, लव्हडे स्ट्रीट, वीमन स्ट्रीट, प्राइस स्ट्रीट या चार गल्ल्यांत एक जण नळ्या घासायचा, दुसरा ॲक्शन, म्हणजे नळ्या आणि दस्ता यांना जोडणारा मधला लोखंडी भाग, बसवायचा, तिसरा अक्रोडाचा दस्ता घडवायचा, चौथा नक्षी कोरायचा आणि बंदूक या शेडमधून त्या शेडमध्ये फिरत फिरत तयार व्हायची. त्यामुळे ‘मेकर कोण’ या प्रश्नाला कधीकधी एकच नाव उत्तर म्हणून मिळतही नाही.

तुमच्या बंदुकीवरचं आर्मी अँड नेव्ही हे तर सरळसरळ स्टोअर होतं. 1871 मध्ये लष्करी आणि नौदल अधिकाऱ्यांनी मिळून लंडनला सहकारी सोसायटी काढली, को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड, तेच ते सी.एस.एल. पत्ता 105 व्हिक्टोरिया स्ट्रीट, वेस्टमिन्स्टर. सभासदांना घाऊक भावाच्या जवळपास माल मिळावा हा हेतू, आणि मालात साबणापासून तंबूपर्यंत सगळं, बंदुकासुद्धा. हिंदुस्थानात नेमणूक झालेला अधिकारी निघण्याआधी तिथूनच सगळं सामान भरायचा, नाहीतर तिकडे पोचल्यावर कॅटलॉगवरून मागवायचा. 1891 ला त्यांनी मुंबईतही शाखा उघडली, काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग तुम्ही नक्की पाहिली असेल, ती यांचीच. बंदुका ते स्वतः बनवत नव्हते, बर्मिंगहॅमच्या मेकर्सकडून घ्यायचे, त्यात वेब्लीकडून (नंतरचं वेब्ली अँड स्कॉट) बऱ्याच. म्हणून तुमचा मेकर रिबवर नाही, नळ्यांच्या पोटावर शोधायचा आहे.

आता बंदूक कशी वाचायची ते सांगतो. आधी उघडून दोन्ही चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, रिकामे आहेत हे डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा, मगच पुढचं. फोरएंड काढा, म्हणजे नळ्यांखालचा लाकडी तुकडा, मग नळ्या हुकावरून सुटून हातात येतील. नळ्यांच्या मागच्या टोकाला खाली जो सपाट भाग दिसतो तिथे आणि ॲक्शनच्या त्याला टेकणाऱ्या सपाट भागावर सगळा इतिहास ठोकलेला असतो. तिथे शंभर वर्षांचं तेल आणि मळ बसलेला असणार. थोडं पातळ मशीन ऑइल, जुना मऊ टूथब्रश, एवढंच. सँडपेपर नको, स्टील वूल नको, पितांबरी तर अजिबात नको, आणि गावातल्या कोणाला ‘जरा चमकवून दे’ म्हणून देऊ नका, मी अशा बंदुका पाहिल्यात ज्यांचे बफिंगमध्ये सगळे शिक्के साफ पुसले गेलेत आणि मग जगातला कोणीही काही सांगू शकत नाही, फार वाईट वाटतं. अक्षर पुसट असेल तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरा, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, म्हणजे खोलगट रेघांत सावली पडते आणि डोळ्यांना न दिसणारं अक्षर मोबाईलच्या फोटोत उठून येतं. नाहीतर पातळ कागद ठेवून वरून मऊ शिसपेन्सिल घासा.

आता तुमच्या 13 बद्दल. ही बारा बोअरचीच आहे. 1855 च्या प्रूफ कायद्यानंतर (प्रूफ म्हणजे विकण्याआधीची सक्तीची चाचणी, ती प्रूफ हाऊसमध्ये होते) नळीच्या आतला खरा व्यास मोजून त्याचा नंबर ठोकायला लागले. 12 म्हणजे .729 इंच, 13 म्हणजे .710 इंच. प्रूफ हाऊसवाला गेज घालून बघायचा, 12 चा गेज आत गेला नाही आणि 13 चा गेला तर 13 ठोकायचा. मेकर लोक बारा बोअरच्या नळ्या मुद्दाम थोड्या आवळ ठेवायचे त्यामुळे असे 13 ठोकलेल्या बंदुका रग्गड सापडतात, आणि काडतूस मात्र बाराचंच लागतं कारण चेंबर बाराचा असतो. तुमच्या फोटोत 13 च्या शेजारी एक हिऱ्याचा आकार अर्धवट दिसतोय, त्यात 12 आणि त्याखाली सी आहे का बघा. तो चेंबरचा शिक्का, 1887 पासून सुरू झाला. असेल तर बंदूक 1887 च्या आधीची नाही.

असंच बाकीच्या शिक्क्यांवरून वर्षं आवळत न्यायची. ब्रिटनमध्ये प्रत्येक बंदुकीला विकण्याआधी जास्त दारू भरून उडवून बघतात, टिकली तर शिक्का, आणि ही दोनच प्रूफ हाऊसं, लंडनचं गनमेकर्स कंपनीचं, ज्यांची सनद 1637 ची, आणि बर्मिंगहॅमचं 1813 चं, जे आजही त्याच जागी बॅनबरी स्ट्रीटला कॅनॉलच्या कडेला काम करतंय. लंडनच्या शिक्क्यात मुकुटाखाली जी आणि पी एकमेकांत गुंतलेले, आणि दुसऱ्यात मुकुटाखाली व्ही. बर्मिंगहॅमचे 1904 पर्यंतचे शिक्के म्हणजे दोन राजदंड एकमेकांवर फुलीसारखे आणि वर मुकुट, एकात बी, पी, सी ही अक्षरं आणि दुसऱ्यात व्ही. 1904 नंतर ती फुली गेली आणि मुकुटाखाली बी.व्ही., बी.पी., आणि नायट्रो पावडरसाठी, म्हणजे बिनधुराच्या नव्या दारूसाठी, एन.पी. असे आले. नळीवर ‘नॉट फॉर बॉल’ असे शब्द असतील तर 1875 ते 1887, कारण तेव्हा नुकत्याच आलेल्या चोक, म्हणजे तोंडाशी आवळलेल्या, नळीतून कोणी गोळी मारू नये म्हणून ते ठोकायचे, आणि 1887 नंतर त्याच जागी नुसतं ‘चोक’ आलं. 1925 पासून चेंबरची लांबी इंचात आणि बोअर दशांशात लिहायला लागले. तुम्ही लिहिलंय की दोन काठ्या आडव्यातिडव्या आणि वर काहीतरी फुलासारखं, तो राजदंडांचाच शिक्का असणार. म्हणजे हिऱ्याचा शिक्का असेल तर 1887 ते 1904 ही सतरा वर्षं पक्की झाली, एकही रजिस्टर न उघडता. फक्त एक सांभाळा, शिक्के बंदुकीपेक्षा नंतरचे असू शकतात. एखादी 1880 ची बंदूक 1930 ला दुरुस्त होऊन पुन्हा प्रूफला गेली असेल तर दोन्ही काळांचे शिक्के एकाच नळीवर मिळतात, आणि नुसता नवा शिक्का बघून लोक बंदूक नवी समजतात. सगळ्यात जुना शिक्का धरायचा.

पेटंटचे शिक्केही असंच काम करतात. वरचा तोंड उघडायचा लिव्हर, आत फिरणारा स्पिंडल, हे डब्ल्यू अँड सी स्कॉटचं 1865 चं पेटंट. खालचा बोल्ट पर्डीचा 1863 चा. फोरएंडच्या टोकाला दाबायचं बटण असेल तर ॲन्सनचं 1872 चं, खाली पट्टीसारखा लिव्हर असेल तर डीली अँड एजचं 1873 चं. बिनघोड्याची बॉक्सलॉक ॲक्शन म्हणजे वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातल्या ॲन्सन आणि डीलीचं 1875 चं. अशी वस्तू बंदुकीत असली की त्या वर्षाच्या आधीची ती असूच शकत नाही. आणि कधीकधी पेटंटच्या शेजारी एक वेगळा नंबर असतो, तो सिरियल नंबर नसतो, पेटंटवाल्याला किती बंदुकांची रॉयल्टी द्यायची त्याचा हिशेब असतो. त्या नंबरने रजिस्टर शोधायला गेलात तर भलत्याच माणसाची बंदूक मिळेल.

मेकर शोधायला नळ्यांच्या खाली आणि ॲक्शनच्या आत छोटी इनिशियल्स बघा. नळीवाल्याची वेगळी, लॉकवाल्याची (लॉक म्हणजे घोडा उडवणारी यंत्रणा) वेगळी. घोडेवाल्या बंदुकीच्या बाजूच्या लॉकप्लेट काढल्या तर आतल्या बाजूला नाव सापडतं, वुल्व्हरहॅम्प्टनचे जोसेफ ब्रेझियर आणि चिल्टन हे लॉक बनवण्यात नावाजलेले. पण प्लेट स्वतः काढू नका! त्या स्क्रूच्या खाचा इतक्या बारीक असतात की साधा स्क्रूड्रायव्हर लावला की कडा फाटतात आणि बंदुकीची किंमत तिथेच पडते. नळ्यांवर गव्हाच्या पेंढीचं चित्र असेल तर व्हिटवर्थचं स्टील, ते उंची काम. स्कॉटच्या काही बंदुकांना लॉकप्लेटवर बारीक काचेची खिडकी असते, आत घोडा चढलाय का ते दिसायला, तीही 1875 च्या पेटंटची, ती दिसली की रिबवर कोणाचंही नाव असो, हात स्कॉटचा. आणि सगळ्यात आधी हे तपासा की माल खरोखर ब्रिटिश आहे का. अंडाकृती चौकटीत ई.एल.जी. अशी अक्षरं असतील तर नळ्या बेल्जियममधल्या लिएजच्या, मग वर डब्ल्यू. रिचर्ड्स का लिहिलेलं असेना. त्या काळात इंग्रजी नावांच्या जवळपासची नावं टाकून बेल्जियन बंदुका ढिगाने विकल्या गेल्या.

आता सिरियल नंबर, सगळ्यात महत्त्वाचा. तो ट्रिगर गार्डच्या मागे दस्त्यात घुसणाऱ्या लोखंडी पट्टीवर असतो, बहुतेक वेळा मळाने भरलेला, टूथपिकने साफ करा. तोच नंबर नळ्यांवर आणि फोरएंडच्या लोखंडावर आहे का जुळवा. तिन्ही जुळले तर बंदूक मूळ आहे. नळ्यांवर वेगळा असेल तर नळ्या दुसऱ्या बंदुकीच्या आहेत किंवा नंतर बदलल्यात, आणि मग वर जी वर्षं काढली ती नळ्यांची, बंदुकीची नाहीत. रिबवर किंवा लिव्हरवर 1 किंवा 2 असा सुटा आकडा सोन्यात भरलेला असेल तर ती जोडीतली एक, दुसरी कुठेतरी असेल किंवा नसेल.

नंबर हातात आला की रजिस्टर. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, बॉस, वेस्टली रिचर्ड्स यांची जुनी रजिस्टरं त्यांच्याकडेच आहेत आणि फी घेऊन ते उतारा देतात, कोणत्या तारखेला, कोणासाठी, नळ्या किती इंची, दस्त्याची मापं काय. ग्रँट, लँग, ॲटकिन यांची नावं एकत्र आलीत, ॲटकिन ग्रँट अँड लँग. स्कॉटलंडची काही घराणी एडिंबरोच्या डिक्सनकडे. बर्मिंगहॅमच्या कित्येक छोट्या मेकर्सचं मात्र काहीच उरलेलं नाही, तिथे प्रूफ मार्क आणि पत्ता यांवरच भागवायचं. रिबवरचा पत्ताही कामाचा असतो, पर्डीवर 314½ ऑक्सफर्ड स्ट्रीट असेल तर जुना काळ, ऑडली हाऊस असेल तर 1880 च्या दशकाच्या सुरुवातीनंतरचा.

तुमच्या बाबतीत रजिस्टर स्टोअरचं लागेल, मेकरचं नाही. 1973 मध्ये आर्मी अँड नेव्ही हाऊस ऑफ फ्रेझरने घेतलं आणि त्यांचे कागद ग्लासगो युनिव्हर्सिटीच्या अर्काइव्ह्जमध्ये गेले, बंदुकांची रजिस्टरंही तिथेच. ईमेल पाठवा, सोबत तिन्ही ठिकाणच्या नंबरचे फोटो, रिबचा फोटो, नळ्यांची लांबी. गोष्ट सांगू नका, नुसता नंबर आणि फोटो. ‘कलेक्टरसाहेबांची होती का’ असं विचारलंत तर समोरचा माणूस नकळत तेच शोधायला लागतो.

आणि पहिल्या मालकाबद्दल जरा मन घट्ट ठेवा. रजिस्टरमध्ये जे नाव असतं ते बिल कोणाच्या नावाने झालं त्याचं, बंदूक कोणी वापरली त्याचं नाही. मुलासाठी बाप घ्यायचा, एजंट घ्यायचा. शिवाय 1890 च्या आसपास घेतलेली बंदूक पणजोबांकडे येईपर्यंत दोनतीन हात सहज फिरलेली असणार. साहेब लोक परत जाताना सामान विकून जायचे, कोणी वारला तर रेजिमेंटमध्ये त्याच्या सामानाचा लिलाव व्हायचा. म्हणून रजिस्टरमधलं नाव आणि भेट देणारे कलेक्टर एकच असतील असं नाही, आणि नसले म्हणून घरातली गोष्ट खोटी ठरत नाही. दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्हीकडून वेगवेगळं शोधा.

कलेक्टरांचं तुम्ही साताऱ्यातच शोधू शकता. कलेक्टर ऑफिसात आजवरच्या कलेक्टरांच्या नावांचा बोर्ड असतो, त्यावरून पणजोबांच्या काळातली नावं उतरवून घ्या आणि त्यांची इनिशियल्स चांदीच्या पट्टीवरच्या अक्षरांशी लावून बघा. तीन अक्षरं असतील आणि मधलंच नीट दिसत असेल तरी चालतं, यादी छोटी होते. पट्टीवर अक्षरांऐवजी प्राणी किंवा हात वगैरे चित्र असेल तर तो घराण्याचा क्रेस्ट, पण एकच क्रेस्ट अनेक घराण्यांचा असतो, त्याखाली ब्रीदवाक्य असेल तरच नेमकं घर सापडतं.

ग्लासगोहून नाव आलं, समजा नुसतं कॅप्टन अमुक, तर आर्मी लिस्ट बघा, नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने जुन्या लिस्ट स्कॅन करून फुकट ठेवल्यात. बढत्या लंडन गॅझेटमध्ये मिळतात, तेही ऑनलाइन आहे. हिंदुस्थानात राहणाऱ्या युरोपियनांसाठी थॅकरची वार्षिक डिरेक्टरी, माणूस कोणत्या वर्षी कोणत्या गावी होता ते कळतं. जन्म, लग्न, दफन यांच्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये, मुंबई इलाख्याची मालिका एन 3. आणि शोधताना जुनी स्पेलिंगं वापरा, पुणे ‘पूना’, कोल्हापूर ‘कोलापोर’, सातारा दोन टींनी ‘सट्टारा’. संस्थानिकांच्या ऑर्डरी शोधणाऱ्यांनाही हेच सांगतो, ‘गायकवाड’ लिहून काहीच मिळत नाही, ‘गुइकोवार’ लिहिलं की मिळतं.

साहेबाच्या नावाचं लायसन्स शोधण्यात मात्र वेळ घालवू नका. 1878 च्या आर्म्स ॲक्टखाली लायसन्सची सक्ती हिंदी माणसाला होती, युरोपियनांना पुढची कित्येक दशकं सूट होती, त्यामुळे त्यांचा कागदच तयार झालेला नसायचा. तुमच्या पणजोबांचं मात्र लायसन्स असणार, आणि पहिल्या लायसन्सवर किंवा त्यासोबतच्या अर्जावर बंदूक कोणाकडून मिळाली ते लिहिलेलं असू शकतं. घरातल्या जुन्या ट्रंका, जमिनीच्या कागदांच्या पिशव्या, सगळं बघा. मला विचाराल तर भेटीची गोष्ट खरी की नाही ते ग्लासगोपेक्षा या एका कागदावरून कळायची शक्यता जास्त आहे.

दोन सूचना. बंदूक जुनी आहे म्हणून लायसन्सची गरज नाही असं कोणी सांगेल, ऐकू नका. 1959 च्या कायद्यातली सूट जी दुरुस्त करूनही उडवता येणार नाही अशा जुन्या हत्यारासाठी आहे, तुमची तशी नाही, बारा बोअरचं काडतूस आजही मिळतं. आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे तीनाऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा वारसांमध्ये कोणाच्या नावावर काय हे आत्ताच ठरवून घ्या. बंदूक शंभर वर्षांवर असल्याने 1972 च्या पुरातन वस्तू कायद्यात बसते, देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे ‘इकडे पाठवा, बघून सांगतो’ म्हणणाऱ्या कोणालाही पाठवू नका. सगळं काम फोटोवर होतं.

दुसरी, ती उडवू नका. नळ्यांवर नागमोडी वेलीसारखी नक्षी दिसत असेल तर त्या दमास्कस आहेत, लोखंड आणि स्टीलच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या, काळ्या दारूसाठी बनवलेल्या. शिवाय त्या काळातले चेंबर बहुतेक अडीच इंची, आजचं काडतूस पावणेतीन इंची. ते आत बसतं, बंदूक बंदही होते, पण उडताना काडतुसाच्या तोंडाला उघडायला जागा मिळत नाही आणि प्रेशर भलतंच चढतं. आतून किती गंजलीय, नळीची जाडी किती उरलीय हे न मोजता कोणीही ‘चालेल’ म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आता मला पाठवा: नळ्यांच्या खालचा सपाट भाग, आडव्या उजेडात, दोन्ही बाजूंचे वेगळे फोटो, ॲक्शनचा सपाट भाग, ट्रिगर गार्डच्या पट्टीवरचा नंबर, आणि चांदीची पट्टी टॉर्च चारही बाजूंनी फिरवून. लॉकप्लेट न काढता जेवढं दिसतं तेवढ्यावरून कारखाना बहुधा सांगता येईल, आणि ग्लासगोला पाठवायची ईमेल इंग्रजीत मी लिहून देतो, फक्त नंबर आधी तिन्ही ठिकाणचा जुळवून घ्या.